अनिश्चित कारावास आणि रोजनिशी : अहमदनगर किल्ला व आगाखान पॅलेस (१९४२–१९४५)

बीजसंज्ञा : रोजनिशी, स्थानबद्धता, मानसिक ताण, अहमदनगर किल्ला, आगाखान पॅलेस, इतिहाससाधने.

प्रस्तावना

मनावरचा ताण हलका करण्यासाठी रोजनिशी लिहावी, असा सल्ला आज समुपदेशक, वैद्य आणि शिक्षक सर्रास देतात. मनात साचलेले कागदावर ओतले की मन मोकळे होते, हे या सल्ल्यामागचे गृहीत आहे. इतिहासाच्या अंगाने हे गृहीत तपासून पाहावयाचे तर असे प्रसंग शोधावे लागतात की ज्यांत माणसे दीर्घकाळ ताणाखाली होती, त्यांना लिहिण्याची सवय होती आणि त्यांनी लिहिलेले कागद टिकून राहिले. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत झालेल्या अटकसत्रानंतरचा कारावास हा असा एक प्रसंग होय. त्या दिवशी काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात नेण्यात आले. गांधीजी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू व मीराबेन यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. कस्तुरबा, डॉ. सुशीला नय्यर व प्यारेलाल हे त्यांना पुढे येऊन मिळाले.

या दोन्ही ठिकाणी भरपूर लेखन झाले. रोजनिश्या लिहिल्या गेल्या, न पाठविता येणारी पत्रे लिहिली गेली, ग्रंथ सिद्ध झाले. या लेखनाकडे आजवर प्रामुख्याने राजकीय इतिहासाचे साधन म्हणून पाहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार वेगळ्या प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे. या कागदांनी त्या माणसांना सावरले ते कसे? मन मोकळे करून की अन्य काही प्रकारे? कागदपत्रे पाहता असे दिसते की भावनांना वाट करून देणे हा या लेखनाचा अगदी थोडा भाग होता. लेखनाने दिवसाला तारीख दिली आणि एकटेपणाला श्रोता दिला. तो श्रोता कोण, यावर काय लिहिले जाईल आणि काय लिहिले जाणार नाही, हे ठरत गेले.

रोजनिशी : शब्द आणि वारसा

‘रोजनिशी’ या शब्दाचे मूळ खासगी मनोगतात नाही. फडणिशी, चिटणिशी या शब्दांत जे फारसी ‘नविसी’ म्हणजे लेखन आहे, तेच रोजनिशीतही आहे. पेशवे दफ्तरातील रोजनिशी म्हणजे सरकारी कामकाजाची दैनंदिन नोंद. हुकूम, इनामे, नेमणुका, जमाखर्च यांची वही. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशीतील उतारे विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठी वाचकाला या शब्दाचा जुना अर्थ पुन्हा भेटला. इंग्रजी शिक्षणाबरोबर ‘डायरी’ आली आणि तिच्यासाठी हाच जुना शब्द वापरात राहिला. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. आपल्याकडे व्यक्तिगत रोजनिशी ही प्रथमपासून हिशेबाच्या वहीची धाकटी बहीण म्हणून वाढली, आणि तिच्यातला हिशेबीपणा पुढेही सुटला नाही.

तुरुंग आणि लेखन यांची सांगड महाराष्ट्राला परिचित आहे. १८८२ मध्ये बर्वे अब्रुनुकसानी प्रकरणात टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्या अनुभवावरील आगरकरांच्या पुस्तकाचे नावच ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ असे आहे. मात्र ते सुटकेनंतरचे कथन आहे. दिवस मोजून संपल्यावर लिहिलेले आहे. मंडाले येथील सहा वर्षांच्या शिक्षेत टिळकांनी १९१०–११ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत ‘गीतारहस्य’ लिहून काढले. सुट्या कागदांची परवानगी नव्हती. पाने मोजून क्रमांक घातलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिल एवढेच साहित्य मिळत असे. १९१२ मध्ये टिळक मंडालेस असतानाच सत्यभामाबाईंचे पुण्यात निधन झाले. टिळकांच्या त्या काळातील मुख्य लेखनात या दु:खाला जागा नाही. विद्वत्तेचे काम हाच त्यांचा आसरा होता. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली, तीही आठवणींच्या आधाराने. हे सर्व तुरुंगातले किंवा तुरुंगाविषयीचे लेखन असले तरी काटेकोर अर्थाने रोजनिशी नव्हे.

मुदत नसलेली शिक्षा

१९४२ च्या कारावासाचे वेगळेपण त्याच्या मुदतीत आहे, किंवा खरे म्हणजे मुदत नसण्यात आहे. आगरकरांना चार महिने माहीत होते, टिळकांना सहा वर्षे माहीत होती. शिक्षा कितीही कठोर असली तरी तिचा शेवट पंचांगात दाखविता येत असे. १९४२ मधील नेते हे शिक्षा झालेले कैदी नव्हते. भारत संरक्षण नियमांखाली, खटला न चालविता, सरकारची मर्जी असेपर्यंत त्यांना स्थानबद्ध केले होते. एप्रिल १९४३ मध्ये केशव तळपदे यांच्या प्रकरणात संघ न्यायालयाने स्थानबद्धतेचा आधार असलेला नियम २६ अवैध ठरविला. सरकारने लगोलग वटहुकूम काढून ती फट बुजविली. न्यायालयाचा मार्गही अशा प्रकारे अपुरा ठरल्यावर सुटकेचा अंदाज बांधावयास काही आधार उरला नाही.

प्रारंभी तर कैद्यांना कोठे ठेवले आहे हेही जाहीर करण्यात आले नव्हते. पहिले काही आठवडे वर्तमानपत्रे व पत्रव्यवहार बंद होता. पुढे पत्रांची परवानगी मिळाली तीही कुटुंबीयांपुरती आणि तपासणीच्या अटीवर. बाहेर देशभर उठाव, गोळीबार आणि धरपकड चालू होती. ज्यांनी लढ्याची हाक दिली होती, त्यांनाच त्याचे काय झाले हे कळत नव्हते. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा या असहायतेने टोक गाठले. छळ, उपासमार किंवा कष्ट यांचा हा ताण नव्हता. राहण्याची सोय बरी होती, बागेला जागा होती. हा ताण अनिश्चिततेचा होता. ज्या दिवसाला पुढे कोठेही पोहोचावयाचे नाही तो दिवस संपला हे कशावरून समजावे? वहीतील तारीख हे त्याचे एक साधे उत्तर होते.

अहमदनगरच्या किल्ल्यात एकूण बारा जण होते : मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, शंकरराव देव, डॉ. पट्टाभी सीतारामय्या, डॉ. प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब. जवळजवळ प्रत्येकाने काही ना काही बौद्धिक काम हाती घेतले. महताबांनी ओरिसाच्या इतिहासाचे काम केले; सीतारामय्यांच्या टिपणांचे ‘फेदर्स अँड स्टोन्स’ हे पुस्तक १९४६ मध्ये निघाले. पण या सर्वांत ताण आणि लेखन यांच्या संबंधावर सर्वाधिक प्रकाश टाकणारा दस्तऐवज आझादांचा आहे.

आझादांची न पाठविलेली पत्रे

‘गुबार-ए-खातिर’ हा आझादांचा उर्दू ग्रंथ मे १९४६ मध्ये त्यांचे चिटणीस मुहम्मद अजमल खान यांनी प्रसिद्ध केला. रूपाने तो पत्रसंग्रह आहे. सर्व पत्रे भिकमपूरचे नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी या विद्वान मित्राला उद्देशून आहेत. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ठिकाण व तारीख, त्याखाली मित्राला आदराचे संबोधन. बहुतेक पत्रे किल्ल्यातील असून लिहिताना ती पाठविता येणार नाहीत हे आझादांना पुरते ठाऊक होते. म्हणून रूप पत्राचे असले तरी व्यवहारात ही रोजनिशीच आहे. तिच्यात एक मित्र गृहीत धरलेला आहे, एवढाच फरक.

हा फरक फार मोलाचा ठरला. शेरवानी राजकारणातील नव्हते. त्यांच्याशी बोलताना काँग्रेसच्या अध्यक्षाला अध्यक्ष राहण्याची गरज नव्हती. त्यामुळे या पत्रांत पहाटे तीन-चारला उठून स्वत:च्या हाताने केलेल्या चिनी चहाचे वर्णन पानेच्या पाने येते. किल्ल्याचा इतिहास येतो, चांदबिबी येते. मार्च १९४३ मध्ये खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांशी झालेले युद्ध आणि अखेर जडलेली मैत्री यांची सविस्तर हकीकत येते. किल्ल्याच्या तुरुंगाधिकाऱ्याला आझादांनी नगरच्या इतिहासातून उचलून ‘चीता खान’ असे टोपणनाव दिले होते, ते येते. याच वर्षीच्या दुसऱ्या एका पत्रात तरुणपणी आपण सतार शिकलो आणि चांदण्या रात्री ताजमहालाजवळ ती वाजवीत बसलो, ही आठवण येते. धर्मशास्त्राचा मोठा पंडित म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्या या आठवणीने अनेक वाचक चकित झाले. राजकारण मात्र या पत्रांत जवळजवळ नाही. जे ताणाचे मुख्य कारण, तेच वहीबाहेर ठेवले गेले. आजच्या समुपदेशकाला ही टाळाटाळ वाटेल. परंतु बारा राजकारणी माणसे दिवसभर एकाच आवारात असताना राजकारणाशिवायची जागा कोठे मिळणार? आझादांनी ती पहाटेच्या चहाच्या पेल्याशेजारी करून घेतली होती.

११ एप्रिल १९४३ चे पत्र मात्र या संग्रहात वेगळे उभे राहते. त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात दीर्घकाळ आजारी होत्या. मार्चच्या उत्तरार्धात प्रकृती चिंताजनक असल्याची बातमी किल्ल्यात पोहोचली. सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती पुढे पाठविता येईल, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले. आझादांनी नकार दिला. सहबंदीही या विषयावर बोलू पाहत होते. त्यांनाही त्यांनी तेच उत्तर दिले. ज्या सरकारने बेमुदत डांबले त्याच्याकडे सवलत मागावयाची नाही, हा राजकीय निर्णय होता. त्याची किंमत व्यक्तिगत होती. ९ एप्रिलला मृत्यूची तार आली. छत्तीस वर्षांचे सहजीवन संपले, असे आझाद लिहितात.

तारेनंतर दोन दिवसांनी लिहिलेल्या या पत्रात त्यांनी शोक सरळ मांडलेला नाही. बातमी आल्यापासूनच्या दिवसांत आपण कसे वागलो, त्याचा जवळजवळ त्रयस्थ अहवाल त्यांनी दिला आहे. दिनक्रमात कोणताही बदल होऊ द्यावयाचा नाही, असा निश्चय त्यांनी केला होता. जेवणाच्या टेबलावर ते वेळेवर जात. भूक मेली होती, तरी बसत. दुपारी वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची पावले वाजली की छातीत धडधडे. आजच्या अंकात ती बातमी तर नसेल? तरीही वर्तमानपत्र हाती घेताना घाई दिसणार नाही याची ते काळजी घेत. आणि मग ते कबूल करतात की हे सारे वरवरचे होते, अभिमानी मनाने वठविलेली ती एक भूमिका होती. बाहेरच्या धीरगंभीर चेहऱ्यावर अस्वस्थतेचा डाग पडू नये म्हणून.

या कबुलीत या कागदाचे खरे काम दिसते. भूमिका सोडून देण्याची जागा म्हणून आझादांनी वही वापरली नाही. दुसऱ्या दिवशीही ते टेबलावर वेळेवर गेले असतील. आपण भूमिका करीत आहोत एवढे सत्य कोणापाशी तरी बोलून ठेवण्याची ती जागा होती. चेहरा सांभाळणे ही त्यांच्या मते कर्तव्याची बाब होती, आणि ते कर्तव्य त्यांनी पत्रातही नाकारलेले नाही. पत्रात निरोपाचीही आठवण आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईला निघताना पत्नी दारापर्यंत आली आणि ‘खुदा हाफिज’ एवढेच म्हणाली. तिला काही सुचविले गेले होते का, असा प्रश्न आझादांना सात-आठ महिन्यांनी पडतो. शेवटी किल्ल्याच्या आवारातील एका जुन्या कबरीकडे त्यांची नजर जाते आणि एका अरबी कवीच्या जुन्या विलापाची त्यांना आठवण होते. स्वत:चे रडणे त्यांनी दुसऱ्याच्या कवितेवर सोपविले आहे. उर्दू-फारसी परंपरेत वाढलेल्या मनाची ही रीत आहे. तिला भावना दडपणे म्हणता येणार नाही.

नेहरू : ग्रंथ आणि वही

नेहरूंच्या बाबतीत दोन प्रकारचे लेखन शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. हस्तलिखित हजारावर पानांचे होते. ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ या काळातील आपल्या सहबंद्यांना त्यांनी हा ग्रंथ अर्पण केला आणि प्रास्ताविकात त्या अकरा जणांच्या विद्वत्तेचा कृतज्ञतेने उल्लेख केला. याच काळात ते रोजनिशीही लिहीत होते. ती पुढे त्यांच्या निवडक वाङ्मयाच्या तेराव्या खंडात प्रसिद्ध झाली. तिच्यात सहवासाची दुसरी बाजू आहे. तेच ते चेहरे, तेच ते वाद, लहानसहान चिडचिड, मतभेद. १९४४ मध्ये सुटका झाल्यावर गांधीजींनी जीनांशी बोलणी करण्यासाठी जी पावले उचलली त्यांबद्दलचा वैतागही नेहरूंनी येथे ज्या शब्दांत नोंदविला, त्या शब्दांत तो जाहीरपणे कधीच मांडला नाही.

या तफावतीवरून रोजनिशी खरी आणि ग्रंथ शिष्टाचारापुरता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. अर्पणपत्रिकेतील कृतज्ञताही खरी आहे. चिडचिड वहीत जिरली म्हणूनच कदाचित ती टेबलावर कमी आली आणि पावणेतीन वर्षे एकत्र काढणे शक्य झाले. शिवाय नेहरूंना लेखनाचा हा उपयोग नवा नव्हता. १९३४–३५ मध्ये तुरुंगातच लिहिलेल्या आत्मचरित्राच्या प्रास्ताविकात, दीर्घ एकांतात मनाला ठरावीक काम हवे असते म्हणून आपण लिहू लागलो, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. या वेळी त्यात बागकामाची भर पडली. उन्हातान्हात तासन्‌तास वाफे खणणे आणि इतिहास खणणे ही दोन्ही कामे त्यांच्या मनात एकमेकांत मिसळली होती, हे ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात दिसते.

आगाखान पॅलेस : वाचली जाणारी रोजनिशी

पुण्यातील स्थिती निराळी होती. येथे रोजनिशीचा प्रमुख पुरस्कर्ताच कैदेत होता. आश्रमवासीयांनी रोजनिशी ठेवावी, हा गांधीजींचा जुना आग्रह. त्यांच्या दृष्टीने रोजनिशी म्हणजे स्वत:वर बसविलेला पहारेकरी. वेळ कसा गेला, सूत किती कातले, चूक कोठे झाली याचा जाब. पेशवाईतील रोजनिशीचा हिशेबी आत्मा येथे नैतिक रूपात पुन्हा भेटतो, असे म्हणावयास हरकत नाही.

महादेवभाई देसाई हे या घरातील सर्वांत मोठे रोजनिशीकार. नोव्हेंबर १९१७ ते ऑगस्ट १९४२ या पंचवीस वर्षांत त्यांनी गांधीजींचा शब्द न् शब्द टिपला. १५ ऑगस्ट १९४२ च्या सकाळी, अटकेनंतर सहाव्या दिवशी, त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. वय अवघे पन्नास. नोंदी आदल्या दिवशी थांबतात. ताणाखाली खचत चाललेल्या या माणसाच्या वहीत त्याचा स्वत:चा ताण क्वचितच आढळतो. वही दुसऱ्याच्या आयुष्याची होती. १९५५ मध्ये ‘महादेवभाईनी डायरी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो या आत्मविलोपनालाच मिळाला, असेही एका अर्थाने म्हणता येईल.

मार्च १९४३ मध्ये कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी नागपूरच्या तुरुंगातून मनु गांधींना येथे आणण्यात आले. त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. एप्रिलपासून त्यांची रोजनिशी सुरू होते, म्हणजे ज्या महिन्यात नगरच्या किल्ल्यात आझाद पत्नीच्या मृत्यूविषयी लिहीत होते, त्याच महिन्यात. आझादांचा वाचक दूर होता आणि वाचू शकत नव्हता. मनुबेनचा वाचक शेजारच्या खोलीत होता. गांधीजी ती वही वाचीत आणि ठिकठिकाणी तिच्यावर सही करीत. साहजिकच तिच्यात प्रार्थना, पाठ, सूत, जेवण, बांची औषधे आणि झोप यांच्या नोंदी आहेत. ती अंतरीची वही नव्हे, असे म्हणून काही वाचक ती बाजूला ठेवतील. परंतु आई लहानपणीच गेलेली, वडील दूर, आणि आता जिने आईच्या जागी माया दिली त्या कस्तुरबा डोळ्यांदेखत जात आहेत, अशा मुलीला दिवसाचे तास भरून काढणारी ही शिस्त आधाराची वाटली नसेल असे समजण्याचे कारण नाही. आपले लिहिणे कोणीतरी रोज वाचते, हाही एक आधारच. फक्त त्या आधाराच्या बदल्यात काही गोष्टी लिहिता येत नाहीत. त्रिदीप सुहृद यांनी संपादित व अनुवादित केलेला या रोजनिशीचा १९४३–४४ चा भाग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यामुळे तिचा बारकाईने अभ्यास करणे आता शक्य झाले आहे.

डॉ. सुशीला नय्यर यांच्या नोंदींवर आधारलेली ‘बापू की कारावास-कहानी’ १९४९ मध्ये हिंदीत आली. महादेवभाईंचा मृत्यू, गांधीजींचा फेब्रुवारी–मार्च १९४३ मधील एकवीस दिवसांचा उपवास आणि कस्तुरबांचा अंत हे तीनही प्रसंग त्यांनी डॉक्टर म्हणून हाताळले होते. रुग्णनोंदीची भाषा येथे शोकाला आवर घालते.

प्रयोगशाळा आणि इतिहासाचा कागद

येथे एका अडचणीचा उल्लेख आवश्यक आहे. ‘ताण’ ही आजच्या अर्थाची संकल्पना या मंडळींच्या हाताशी नव्हती. हॅन्स सेली यांचे प्राण्यांवरील प्रयोगांचे टिपण १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले होते, परंतु ‘स्ट्रेस’ हा शब्द सामान्य वाचकांत रुळला तो युद्धोत्तर काळात. सेली यांचे ‘द स्ट्रेस ऑफ लाइफ’ १९५६ चे. आझाद आत्मसंयमनाची भाषा बोलतात, गांधीजी आत्मशुद्धीची. त्यांच्या लेखनाला ‘ताणनिवारण’ असे नाव देताना ते नाव आपले आहे, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

१९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक घटनेविषयी लिहावयाचे. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ते लिहिल्यानंतर लगेच अधिक खिन्न झाले. मात्र पुढील सहा महिन्यांत त्यांचे दवाखान्यातील हेलपाटे तुलनेने कमी झाले. त्यानंतर अशा अभ्यासांची रीघ लागली. जोॲन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा परिणाम अनुकूल, पण सरासरीने लहान असल्याचे आढळले. तेवढ्या आधारावर रोजनिशीला रामबाण उपाय म्हणणे धाडसाचे आहे.

१९४२ च्या कागदांच्या दृष्टीने या प्रयोगांतील एक गोष्ट लक्षणीय वाटते. प्रयोगात लिहिणाऱ्याला वाचकाची चिंता नसावी, अशी योजना असते; नाव गुप्त राहते, कागद कोणी ओळखीचा पाहत नाही. तुरुंगातील वहीला मात्र नेहमी वाचक असतो : आज शेजारचा, उद्या तपासणी अधिकारी, परवा इतिहासकार. त्या वाचकाला सामोरे जाण्यासाठी लिहिणारा स्वत:ला सावरतो, आणि ते सावरणेच कित्येकदा उपकारक ठरते. आझादांच्या एप्रिलमधील पत्राचा बांधेसूदपणा पाहता, घटनेला क्रम लावणे, स्वत:च्या वागण्याकडे थोड्या अंतरावरून पाहणे, या गोष्टींनी त्यांना जे दिले ते केवळ अश्रूंनी दिले असते असे वाटत नाही.

ज्यांच्या हाती कागद नव्हता

या सर्व विवेचनाला एक मोठी मर्यादा आहे. १९४२ च्या अखेरपर्यंत देशात ६०,००० हून अधिक लोकांना अटक झाली होती. त्यांतील बहुसंख्य ‘क’ वर्गाचे कैदी. त्यांना वही, दिवा आणि निवांतपणा यांतले काहीच मिळत नव्हते आणि कित्येकांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या मनावरचा ताण किल्ल्यातील ताणापेक्षा कमी नव्हता. घरी शेतीवाडी उघडी पडली होती, कोणाकोणाच्या घरांवर सामुदायिक दंड बसला होता. त्यांनी तो कशाने सोसला? भजनांनी, गाण्यांनी, एकमेकांना सांगितलेल्या हकिकतींनी असेल; पण हे सारे बोलण्यातले, आणि बोललेले दफ्तरात राहत नाही. तुरुंगाच्या नोंदवहीत त्यांचे वजन, काम आणि शिक्षा तेवढ्या मिळतात. रोजनिशीच्या इतिहासात जे दिसते ते साक्षर, सुस्थित कैद्याचे मन असते, ही जाणीव ठेवूनच तो इतिहास वाचावा लागतो.

या दोन टोकांच्या मध्ये कस्तुरबा येतात. त्या निरक्षरच होत्या, असा समज दीर्घकाळ होता. १९३३ च्या जानेवारी ते सप्टेंबर या काळातील त्यांची गुजराती रोजनिशी इंदूरच्या कस्तुरबा आश्रमातून मिळाली आणि तुषार गांधी यांनी ती २०२२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा त्या समजाला धक्का बसला. ते वर्षही तुरुंगाच्या फेऱ्यांचेच होते. नोंदी त्रोटक आहेत, भाषा घरगुती आहे. आगाखान पॅलेसमधील दीड वर्षाची त्यांच्या हातची अशी वही मात्र उपलब्ध नाही. २२ फेब्रुवारी १९४४ पर्यंत त्यांनी तेथे काय सोसले, ते मनुबेनच्या आणि सुशीलाबेनच्या पानांतून, म्हणजे दुसऱ्यांच्या हस्ताक्षरात, वाचावे लागते.